कॉमन मॅन (शिल्प)

'कॉमन मॅन' हे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या त्याच नावाच्या पात्रावरून घडवलेले कांस्यशिल्प आहे. ते पुणे शहरात सेनापती बापट मार्गावरील सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेच्या आवारात असून त्याची उंची सुमारे १० फूट आहे. शिल्पकार सुरेश सकपाळ यांनी घडवलेल्या या शिल्पाचे अनावरण तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते २००१ मध्ये झाले. याच पात्राचे आणखी एक शिल्प मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी मार्गावर आहे.

वृत्तपत्रातील व्यंगचित्राच्या पात्राला सार्वजनिक शिल्पाचा मान मिळाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात फार थोडी आहेत. त्यांतही या शिल्पाचे वेगळेपण असे की, ज्याचा पुतळा उभारला आहे तो कधी अस्तित्वात नव्हता, त्याला नाव नाही आणि त्याच्या नावावर एकही पराक्रम नाही. पन्नासहून अधिक वर्षे तो केवळ पाहत राहिला. त्यामुळे या शिल्पाकडे पाहणाऱ्याची स्थिती इतर पुतळ्यांपुढे असते तशी राहत नाही. पाहणे हे ज्याचे एकमेव काम होते, त्यालाच येथे लोक पाहायला येतात.

पार्श्वभूमी

लक्ष्मण यांचा जन्म १९२१ मध्ये म्हैसूर येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि भावंडांत लक्ष्मण हे सर्वांत धाकटे. कादंबरीकार आर. के. नारायण हे त्यांचे थोरले बंधू. घरात इंग्रजी नियतकालिके येत असत. 'स्ट्रँड', 'पंच', 'बायस्टँडर', 'वाइड वर्ल्ड', 'टिट-बिट्स' यांतील चित्रे लक्ष्मण अक्षरओळख होण्यापूर्वीच तासन्‌तास पाहत. चित्राखालचा मजकूर वाचता येत नसल्याने चित्रातील माणसे काय करीत आहेत हे त्यांच्या चेहऱ्यांवरून, उभे राहण्याच्या ढबीवरून आणि कपड्यांवरून ओळखावे लागे. पुढे त्यांनी निर्माण केलेले मुख्य पात्र मुके निघाले, याचे एक मूळ या निरक्षर चित्रवाचनात शोधता येते.

लवकरच मुलाने घराच्या जमिनीवर, भिंतींवर आणि दारांवर रेखाटने सुरू केली. शाळेत वर्गाला पान काढण्यास सांगितले असता त्यांनी काढलेले पिंपळाचे पान शिक्षकांनी वाखाणले आणि आपण चित्रकार व्हायचे हे त्यांच्या मनाने घेतले. ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची चित्रे 'द हिंदू' या दैनिकात अधूनमधून छापून येत. ती लक्ष्मण यांच्यासाठी आदर्श ठरली. लो यांची सही ते बराच काळ 'काउ' अशी वाचत असत, हा किस्सा त्यांच्याबाबत नेहमी सांगितला जातो.

शालेय शिक्षणानंतर त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. अर्जासोबतच्या रेखाटनांत संस्थेत प्रवेश देण्याइतकी गुणवत्ता दिसत नाही, असे कळवून तो नाकारण्यात आला. लक्ष्मण यांनी म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातून पदवी घेतली. त्या काळात ते बंधूंच्या 'द हिंदू'मधील कथांसाठी चित्रे काढत आणि 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकासाठीही रेखाटने करीत. मुंबईत त्यांची पहिली पूर्णवेळ नोकरी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये होती. तेथे बाळ ठाकरे हे त्यांचे सहकारी होते. १९४७ मध्ये ते 'द टाइम्स ऑफ इंडिया'त आले आणि अर्धशतकाहून अधिक काळ तेथेच राहिले. कलाशाळेने ज्या शहरात त्यांना दार बंद केले, त्याच शहरातील वृत्तपत्राच्या पानावर त्यांचे चित्र रोज येऊ लागले.

गर्दीतून एक माणूस

'यू सेड इट' हे एका चौकटीचे दैनंदिन व्यंगचित्र १९५१ मध्ये सुरू झाले. मराठी वाचक ते 'कसं बोललात!' या नावाने ओळखतात. कॉमन मॅन त्यात आरंभापासून आजच्या रूपात नव्हता. लक्ष्मण सुरुवातीला भारतीय जनता दाखवण्यासाठी बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी अशा निरनिराळ्या प्रांतांतील माणसांची गर्दी काढत. वेशभूषा, पागोटी आणि मिशा यांवरून प्रत्येकाचा प्रांत ओळखू यावा, अशी ती रचना होती. दैनिकाच्या वेळेत इतकी माणसे रेखाटणे जिकिरीचे ठरू लागले. एकेक माणूस कमी होत गेला आणि शेवटी एकच उरला.

उरलेला हा माणूस कोणत्याही एका प्रांताचा नव्हता. धोतर, चौकड्यांचा कोट, गोल चश्मा, फुगीर नाक, दाट मिशी आणि टकलाभोवती पांढऱ्या केसांची झुलपे असे त्याचे रूप ठरले व त्यात पुढे फारसा बदल झाला नाही. धोतर आणि कोट ही जोडी ब्रिटिश काळातील कारकून, शिक्षक, वकील अशा मध्यमवर्गीयांच्या पोशाखाची आठवण देते. १९५१ मध्ये ती रस्त्यावर सर्रास दिसत असे. पात्राच्या अखेरच्या दशकांत मात्र असा पोशाख करणारा माणूस शहरात क्वचितच आढळे. देश बदलला आणि सामान्य माणसाचे कपडे तेच राहिले, ही विसंगती लक्ष्मण यांनी जाणूनबुजून सांभाळली असावी, असे त्यांची चित्रे सलग पाहताना वाटते.

कॉमन मॅन बोलत नाही. चित्राखालची ओळ नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी असते: मंत्र्याच्या, अधिकाऱ्याच्या, डॉक्टरच्या, शेजाऱ्याच्या. पात्राची पत्नी मात्र बोलते, आणि ठसक्यात बोलते. तो स्वतः मंत्र्याच्या दालनात, विमानतळावर, पूरग्रस्त गावात, संसदेच्या पायऱ्यांवर कुठेही उपस्थित असू शकतो आणि त्याला कोणी अडवत नाही. लक्ष्मण यांचे आदर्श असलेल्या डेव्हिड लो यांचे गाजलेले पात्र 'कर्नल ब्लिम्प' (१९३४) याच्या अगदी उलट हे आहे. ब्लिम्प सतत बोलतो आणि त्याच्या बोलण्यातूनच त्याचे हसे होते. लक्ष्मण यांनी बडबड सत्ताधाऱ्यांकडे ठेवली आणि मौन नागरिकाला दिले.

मराठी वाचक आणि चित्रकथा

ज्या पिढ्यांनी हे शिल्प पाहिले, त्यांच्या बालपणी चित्रांचे जग बरेच विस्तारले होते. 'चांदोबा' हे मासिक मराठीत १९५२ पासून येत होते. टाइम्स समूहानेच १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि त्याच्या मराठी आवृत्तीतून 'वेताळ' घराघरांत पोहोचला. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली मुंबईहून 'अमर चित्र कथा' निघू लागली. वेताळाला मुखवटा होता आणि पुराणातील नायकांना दिव्य शक्ती होत्या. या गोष्टींत सामान्य माणूस मुखवटा घालून किंवा वर मिळवून दुसराच कोणी होतो. मुलांना मोहवणारी गोष्ट हीच असे.

त्याच घरात सकाळी येणाऱ्या वर्तमानपत्रात कॉमन मॅन असे. तो कशातही रूपांतरित होत नाही, कोणाला वाचवत नाही. राजकारण न कळणाऱ्या मुलालाही तो ओळखू येई, कारण तो रोज त्याच कोपऱ्यात त्याच कोटात उभा असे. चित्राचा अर्थ कळण्याआधी चेहरा ओळखीचा होई. लक्ष्मण यांनी स्वतः लहानपणी 'पंच'मधील चित्रे जशी पाहिली, तशीच त्यांची चित्रे पुढच्या मुलांनी पाहिली. वाढत्या वयात वाचकाचे नाते बदलते. लहानपणी गमतीदार म्हातारा वाटणारा हा माणूस रेशनकार्ड, बसचा थांबा आणि वीजबिल यांच्याशी संबंध आल्यावर स्वतःसारखा दिसू लागतो. पात्र होते तसेच राहते आणि बदल पाहणाऱ्यात घडतो.

मराठीत बिनशब्दांच्या व्यंगचित्राची परंपरा शि. द. फडणीस यांनी स्वतंत्रपणे समृद्ध केली. त्यांच्या चित्रांत मात्र संपूर्ण चित्रच मुके असते. कॉमन मॅनच्या चित्रात बाकी सगळे बोलत असतात आणि मौन एकट्याच्या वाट्याला येते. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झालेल्या चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ने पुण्यातील मध्यमवर्गीय घर चित्रमालिकेत आणले. तेथे पाहणारा लहान मुलगा आहे आणि तो गप्प बसत नाही.

रेषेपासून घनाकारापर्यंत

व्यंगचित्राचे शिल्प करताना मूळ अडचण अशी की, व्यंगचित्राला मागची बाजू नसते. कॉमन मॅनचा कोट म्हणजे काही आडव्या-उभ्या रेघा, चश्मा म्हणजे दोन वर्तुळे आणि केस म्हणजे कुंचल्याचे चार-सहा फटकारे. वाचकाची नजर उरलेला माणूस स्वतः पूर्ण करते. शिल्पात ही सोय नसते. पाठ, खांदे, धोतराच्या निऱ्या, चपलांची टाच या सर्व गोष्टी शिल्पकाराला निश्चित कराव्या लागतात. त्या अति वास्तव केल्या तर समोर कोणीतरी विशिष्ट वृद्ध गृहस्थ उभे राहतात आणि पात्र हरवते. अति व्यंगात्मक केल्या तर शिल्प खेळण्यासारखे दिसते.

कांस्य हा मुख्यतः तांबे व कथील यांचा मिश्रधातू आहे. मोठे कांस्यपुतळे सहसा आतून पोकळ ओतले जातात. आधी मातीचा नमुना, त्यावरून साचा आणि मग ओतकाम असा क्रम असतो. शिल्पाचे मूळ रूप त्यामुळे मातीतच ठरते. फुगीर नाक आणि त्यावर टेकलेला चश्मा हे कॉमन मॅनच्या ओळखीचे केंद्र आहे. तेथे चूक झाली तर बाकी कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही.

उंचीचा प्रश्न वेगळाच आहे. चित्रात हा माणूस नेहमी इतरांपेक्षा लहान, अनेकदा कोपऱ्यात ढकललेला असतो. शिल्पात तो जवळजवळ दोन पुरुष उंच आहे. सार्वजनिक शिल्प दुरून दिसावे लागते, हे त्याचे व्यावहारिक कारण म्हणता येईल. तरीही ज्याला आयुष्यभर मान वर करून पाहावे लागले, त्याच्याकडे येथे इतरांना मान वर करून पाहावे लागते. हा सन्मान आहे की पात्राच्या स्वभावाशी केलेली तडजोड, याबाबत दोन्ही मते मांडता येतात. माणसाच्या उंचीचे, जमिनीवर उभे केलेले शिल्प पात्राला अधिक जवळचे झाले असते, या म्हणण्यात तथ्य आहे.

प्रेक्षकाचा सहभाग

संवादी शिल्प म्हटले की हात लावताच हलणारे, आवाज करणारे किंवा प्रकाशमान होणारे शिल्प डोळ्यांपुढे येते. कॉमन मॅन त्या अर्थाने संवादी नाही. त्यात कोणतेही यंत्र नाही. तरीही पाहणाऱ्याचा सहभाग नसेल तर ते अपुरे राहते आणि याचे कारण चौकटीत आहे.

'यू सेड इट'च्या प्रत्येक चित्रात तीन गोष्टी असत: प्रसंग, बोलणारा आणि पाहणारा. शिल्पात पहिल्या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या आहेत. मंत्री नाही, खड्डा नाही, रांग नाही, खाली ओळ नाही. केवळ पाहणारा उरला आहे. त्याच्यापुढे जो येऊन उभा राहतो, तोच आपोआप प्रसंग होतो. शेजारी उभे राहून छायाचित्र काढणारा विद्यार्थी नकळत त्या रिकाम्या चौकटीत शिरतो आणि जुन्या वाचकाला चित्राखालची ओळ आपोआप सुचू लागते. राष्ट्रपतींच्या हस्ते झालेले अनावरण याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सत्तेच्या सर्वोच्च पदावरील व्यक्ती आणि तिच्याकडे चश्म्याआडून पाहणारा कॉमन मॅन हे दृश्य लक्ष्मण यांनी कागदावर असंख्य वेळा काढले होते.

चित्रकथेतील पात्रांशी अशी जवळीक साधणारी शिल्पे जगात इतरत्रही आहेत. अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेसच्या सान तेल्मो भागात व्यंगचित्रकार किनो यांची 'माफाल्दा' ही लहान मुलगी २००९ पासून बाकावर बसलेली आहे. पाब्लो इर्गांग यांच्या या शिल्पाच्या शेजारी जागा मोकळी असून लोक तेथे बसतात. २०१४ मध्ये तिच्या दोन मित्रांची शिल्पेही तेथे आली. जपानमधील साकाइमिनातो या गावात शिगेरू मिझुकी यांच्या चित्रकथांतील भुताखेतांच्या लहान कांस्यमूर्ती १९९३ पासून रस्त्याच्या कडेला बसवण्यात आल्या. त्यांची संख्या २३ वरून वाढत पावणेदोनशेच्या पुढे गेली. दोन्ही ठिकाणी शिल्पे हाताच्या अंतरावर आणि वाहत्या रस्त्यावर आहेत. पुण्यातील कॉमन मॅन मात्र शिक्षणसंस्थेच्या आवारात आहे. वर्दळीचा चौक, टपाल कचेरी किंवा बसस्थानक ही त्याची स्वाभाविक जागा होती, असे म्हणता येईल. त्या मानाने वरळीचे शिल्प फिरायला येणाऱ्यांच्या अधिक वाटेत आहे.

पुण्याच्या पुतळ्यांत स्थान

पुणे परिसरातील सार्वजनिक शिल्पांची परंपरा प्रामुख्याने राजपुरुष, समाजसुधारक आणि राष्ट्रीय नेते यांची आहे. शिवाजीनगर येथील नानासाहेब करमरकर यांनी घडवलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) हा तिचा मानदंड मानला जातो. या परंपरेत सामान्य माणूस आलाच तर तो थोर व्यक्तीच्या नात्याने येतो. याच जिल्ह्यातील भोर तालुक्यात कापूरहोळ येथील धाराऊ गाडे यांचे नाव इतिहासात राहिले, ते त्यांनी बालसंभाजीराजांना दूध पाजले म्हणून. कॉमन मॅनला असे कोणतेही नाते नाही. त्याचा पुतळा कोणत्याही घटनेचे स्मरण करीत नाही. त्याची जयंती नाही आणि त्यामुळे हार घालण्याचा दिवसही नाही.

पुतळ्यांभोवती अस्मितेचे राजकारण उभे राहते, हा महाराष्ट्राचा नेहमीचा अनुभव आहे. कोणत्याही जातीचा, पक्षाचा वा प्रांताचा नसलेला पुतळा ही त्यामुळे स्वतःच एक टिप्पणी ठरते. हे सर्वसमावेशकत्व पूर्ण मात्र नाही. हा 'सामान्य माणूस' पुरुष आहे, शहरी वळणाचा आहे, चश्मा आणि कोट परवडणारा आहे. शेतमजूर, घरकामगार स्त्री, हातगाडीवाला हे लक्ष्मण यांच्या चित्रांत येतात, पण सामान्यांचे प्रतिनिधित्व त्यांच्याकडे जात नाही. प्रांतोप्रांतीच्या माणसांची गर्दी वगळून एकाची निवड झाली, तेव्हा सोयीबरोबर ही मर्यादाही आली. कागदावर रोज नवे चित्र येत असल्याने ती झाकली जाई. कांस्यात ती कायमची झाली आहे.

लक्ष्मण यांचे निधन आणि शिल्प

उत्तरायुष्यात लक्ष्मण पुण्यात वास्तव्यास होते. २००३ मध्ये आलेल्या पक्षाघाताच्या झटक्याने त्यांच्या डाव्या अंगावर परिणाम झाला. त्यानंतरही ते चित्रे काढत राहिले. २६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताक दिनी, पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रजेच्या प्रतिनिधीला जन्म देणाऱ्याचा मृत्यू त्याच दिवशी व्हावा, याची नोंद तेव्हा अनेकांनी घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी सिंबायोसिसच्या आवारात, कॉमन मॅनच्या शिल्पाजवळ ठेवण्यात आले आणि नंतर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशीच्या छायाचित्रांत शिल्पही दिसते. निर्माता आडवा आणि पात्र उभे, अशी ही चौकट कोणी रेखाटलेली नव्हती.

इतर रूपे

शिल्पाखेरीज कॉमन मॅन अनेक रूपांत वावरला आहे. 'द टाइम्स ऑफ इंडिया'ला १५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९८८ मध्ये निघालेल्या टपाल तिकिटावर तो आहे. 'एअर डेक्कन' या स्वस्त विमानसेवेने त्याला आपले बोधचिन्ह केले. आयुष्यभर रांगेत उभा राहिलेला माणूस त्यामुळे विमानातही जाऊन बसला. लक्ष्मण यांच्या कथांवरील 'वागळे की दुनिया' या दूरदर्शन मालिकेतील नायक त्याचाच बोलका भाऊबंद म्हणता येईल. लक्ष्मण यांना १९८४ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि २००५ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. सिंबायोसिस विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

पुण्यातच बालेवाडी येथे उभारलेल्या आर. के. लक्ष्मण कलादालन-संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ६ मार्च २०२२ रोजी झाले. तेथे लक्ष्मण यांची व्यंगचित्रे मांडली असून आर. के. नारायण यांच्या मालगुडी या काल्पनिक गावाची लहान प्रतिकृती ध्वनी व दृश्य परिणामांनी जिवंत केली जाते. धाकट्या भावाने ज्या कथांसाठी तरुणपणी चित्रे काढली आणि ज्यांपैकी 'डोडू द मनी मेकर' व 'द रीगल क्रिकेट क्लब' यांत त्याच्याच बालपणाच्या खोड्या आल्या, त्या कथांचे हे गाव आहे.